लष्कराची ऑर्डर आणि घोडबंदरचा फ्लॅट

पत्र थोडक्यात : पत्रलेखक छप्पन्न वर्षांचे. वागळे इस्टेटमध्ये वडिलांनी उभं केलेलं वर्कशॉप चालवतात. अकरा कामगार, दोन सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथ, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग यंत्र) आणि वडिलांच्या काळातलं एक मिलिंग मशीन. औषध कंपन्यांच्या आणि कापड गिरण्यांच्या यंत्रांचे सुटे भाग करून देतात. काम आहे, पण सुटणारा पैसा दरवर्षी कमी होतोय. मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर, ऐरोलीत नोकरी करते. तिचं म्हणणं, ‘बाबा, मी धंद्यात येते, पण आपण डिफेन्समध्ये उतरायचं.’ त्यासाठी फाइव्ह-ॲक्सिस (पाच अक्षांवर काम करणारं) मशीन, त्यासाठी १ कोटी २० लाखांचं कर्ज आणि तारण म्हणून घोडबंदर रोडचा राहता फ्लॅट. पत्नीचा विरोध आहे. एक तर घर जायची भीती, आणि दुसरं, ‘आपल्या हातचं कुणाच्या जिवावर उठणार असेल तर तो पैसा मला नको.’ मेहुणे म्हणतात, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला होता, तू निदान लेथ घेऊन धाव. शिवाय ‘साउथ ब्लॉकात ओळख आहे’ असं सांगणारे एक गृहस्थ व्हेंडर नोंदणी करून देण्याचे साडेतीन लाख मागताहेत. प्रश्न असा : ‘ऑपरेशन सिंदूरनंतर देश लष्करावर लाखो कोटी ओततोय. अशा वेळी मी उगाच कचरतोय का?’

उत्तर :

नमस्कार.

आधी त्या साउथ ब्लॉकवाल्या गृहस्थांचं उरकून टाकू. त्यांना एक रुपयाही देऊ नका. लघुउद्योगाची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट होते. संरक्षण मंत्रालयाचं ‘सृजन’ पोर्टल कुणालाही घरबसल्या उघडता येतं. ‘जेम’ ह्या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरचं खातं तुमची मुलगी एका दुपारी उघडेल. दिल्लीत ज्याचं खरोखर वजन आहे तो माणूस तीन हात नाक्याच्या ट्रॅफिकमधून वाट काढत तुमच्या शेडपर्यंत साडेतीन लाखांसाठी येत नाही.

आता तुमचा प्रश्न. ‘देशाला गरज आहे’ आणि ‘मला ऑर्डर मिळेल’ ही दोन वाक्यं तुम्ही एकाला एक जोडून लिहिली आहेत. पहिलं सोळा आणे खरं आहे. दुसरं त्यातून आपोआप निघत नाही. ह्या दोन वाक्यांमध्ये जेवढी वर्षं जातात, तेवढी वर्षं हप्ता कोण भरणार, हा तुमचा खरा प्रश्न आहे.

लाखो कोटींचा आकडा जरा उघडून बघू. २०२५-२६ चं संरक्षण अंदाजपत्रक ६ लाख ८१ हजार कोटींचं होतं. त्यातला मोठा वाटा पगार, पेन्शन, इंधन, रेशन आणि देखभालीचा. नवी शस्त्रं, जहाजं, विमानं ज्यातून येतात त्या भांडवली खर्चाला १ लाख ८० हजार कोटी. त्यातलीही बरीच रक्कम आधी सह्या झालेल्या करारांच्या देण्यात जाते. म्हणजे सरकारसुद्धा जुने हप्तेच फेडत असतं म्हणा ना. आधुनिकीकरणाच्या तरतुदीतला ७५ टक्के भाग देशी उद्योगांसाठी राखलाय, हे तुमच्या मुलीने बरोबर सांगितलं. पण त्या रांगेत सगळ्यात पुढे एचएएल, भारत इलेक्ट्रॉनिक्स, माझगाव डॉक, एल अँड टी, भारत फोर्ज अशी मंडळी उभी आहेत. तुम्ही उभे राहणार ते त्यांच्या पुरवठादाराच्या पुरवठादाराच्या मागे.

वेळेचं म्हणाल, तर तोफांची गोष्ट बघा. बोफोर्सच्या ४१० तोफांचा करार १९८६ चा. पुढे त्या प्रकरणाचा एवढा धसका बसला की मोठ्या तोफांच्या परदेशी खरेदीचा पुढचा करार, अमेरिकेच्या एम-७७७ तोफांचा, व्हायला नोव्हेंबर २०१६ उजाडला. तीस वर्षं! मधल्या काळात, २०१३ मध्ये, डीआरडीओने स्वदेशी ‘अटॅग्ज’ तोफ हाती घेतली. पुण्याच्या एआरडीई प्रयोगशाळेने ती आकाराला आणली. सप्टेंबर २०२० मध्ये पोखरणला चाचणीत तिची नळी फुटली, माणसं जखमी झाली. पुन्हा तपास, पुन्हा चाचण्या. ३०७ तोफांचा करार झाला तो मार्च २०२५ मध्ये, भारत फोर्ज आणि टाटा ह्या दोघांबरोबर. बारा वर्षं गेली. ह्याला मी नुसती सरकारी दिरंगाई म्हणणार नाही. ज्या नळीशेजारी आपली पोरं उभी राहणार, ती वाळवंटात तापवून आणि बर्फात गारठवून तपासलीच पाहिजे. पण पुण्याच्या भारत फोर्जला बारा वर्षं थांबणं परवडतं. तुमचा बँक मॅनेजर बारा आठवडे थांबणार नाही.

बरं, सगळं वेळेत करूनही माल अडकतो. तेजस मार्क-१ए च्या ८३ विमानांची ऑर्डर फेब्रुवारी २०२१ ची. त्यांच्यासाठीचं पहिलं इंजिन अमेरिकेहून आलं मार्च २०२५ मध्ये. ह्या विमानासाठी छोटी ब्रॅकेट करणाऱ्या एखाद्या शेडवाल्याची कल्पना करा. त्याचा माल तयार, तपासलेला, खोक्यात भरलेला. पण विमानंच पुढे सरकत नसतील तर पुढची लॉट कोण उचलणार?

‘पण आता तर तातडीची खरेदी चाललीय,’ असं मुलगी म्हणेल. चाललीय. गलवाननंतर सेनादलांना ३०० कोटींपर्यंतच्या तातडीच्या खरेदीचे अधिकार मिळाले, सिंदूरनंतर पुन्हा तोच मार्ग वापरला गेला. पण त्यात वर्षभराच्या आत माल हातात पडायला हवा असतो. म्हणजे जो माल आज तयार आहे, तपासून झालाय, तोच उचलला जातो. नवख्याला ह्या दारातून आत जाता येत नाही. बातमी वाचून मशीन घ्यायला निघालेल्या माणसासाठी तर हे दार नाहीच.

तुमच्या मेहुण्यांसाठी एक पुरवणी. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एमआयडीसी जन्माला आली होती आणि तिचं पहिलं ऑफिस तुमच्याच वागळे इस्टेटमध्ये होतं. तेव्हा नातं जुनंच आहे. पण सह्याद्री नुसता धावला नव्हता. त्याने १९६४ ते ६९ अशी पाच वर्षांची संरक्षण योजना कागदावर आणली. सव्वाआठ लाखांचं सैन्य, हवाई दलाच्या ४५ स्क्वाड्रन. त्या ४५ चं काय झालं? आज मंजूर स्क्वाड्रन ४२ आहेत, आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झाल्यावर हातात राहिल्या २९. योजनेत लिहिलेलं आणि तळावर उभं असलेलं ह्यांत साठ वर्षांनंतरही एवढं अंतर असतं. मेहुण्यांना विचारा, कर्जाला जामीन राहता का? उत्तर आलं की मला कळवा.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, बाई नाहीच म्हणतेय. तसं नाही. मी बरीच वर्षं एका इंजिनिअरिंग कंपनीत पुरवठादार निवडायचं काम केलं. तुमच्यासारख्या शेडला ह्या क्षेत्रात जागा आहे असं मला मनापासून वाटतं, फक्त तुम्ही बघताय त्या ठिकाणी ती नाही.

२०१८ मध्ये लष्कराच्या उपप्रमुखांनी संसदेच्या स्थायी समितीपुढे स्पष्ट सांगितलं होतं की लष्कराकडची ६८ टक्के सामग्री जुनाट आहे, २४ टक्के सध्याच्या काळाची आणि फक्त ८ टक्के अद्ययावत. खरं तर तिन्ही एकेक तृतीयांश असायला हव्यात. वर्तमानपत्रांनी ह्याचा अर्थ ‘केवढी नवी खरेदी होणार!’ असा लावला. मला त्यात दुसरंही दिसतं. नवं येईपर्यंत ह्या जुन्या गाड्या, पंप, गिअरबॉक्स रोज चालू ठेवावे लागतात. त्यातलं कितीतरी सोव्हिएत घराण्यातलं. १९९१ मध्ये तो देशच मोडला तेव्हा सुट्या भागांची वाताहत झाली, आणि २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर पुन्हा रशियाकडे बघत बसायची पाळी आली. ‘सृजन’ पोर्टल २०२० मध्ये सुरू झालं ते अशाच वस्तूंसाठी. बाहेरून येणारे भाग तिथे मांडलेले असतात, इथे कोण बनवून देईल म्हणून. तुमच्या मुलीला त्या यादीत दोन रविवार घालू द्या. क्षेपणास्त्रं सोडून देऊन बुश, व्हॉल्व्ह बॉडी, स्प्लाइन शाफ्ट, कपलिंग शोधा. नग थोडे, ऑर्डर पुन्हा पुन्हा येणारी, मोठ्या कंपन्यांना त्यात हात घालण्यात रस नसलेली. आणि ह्या भागांचे पैसे बहुतेक वेळा महसुली खर्चातून, देखभालीच्या खात्यातून येतात. आधुनिकीकरणाच्या ज्या आकड्याने तुमची झोप उडाली, त्याच्याशी त्यांचा संबंधही नसतो.

ह्यासाठी दिल्लीही लागत नाही. अंबरनाथला आयुध निर्माणी आहे, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे, डीआरडीओची नौदल सामग्री प्रयोगशाळा आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. सरकारी कंपन्यांना २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून करायचं धोरण लागू आहे, आणि टेंडरची बयाणा रक्कमही अशा उद्योगांना माफ असते. त्या २५ मधले ३ टक्के महिला उद्योजकांसाठी आहेत. पत्नी आणि मुलगी खरोखरच मालक होणार असतील तर ह्याचा विचार जरूर करा. फक्त कागदावर नावं घालून नका करू, त्यातून कटकटीच जास्त होतात.

आता तुमच्या शेडमध्ये येऊ. उद्या सकाळी कुणालाही न सांगता मटेरियलच्या रॅकपाशी जा. तिथे पडलेल्या गोल बारच्या टोकावर रंगाने किंवा पंचाने हीट नंबर लिहिलेला असतो. तो कुठल्या भट्टीच्या कुठल्या ओतातला माल आहे हे त्या नंबरावरून कळतं, आणि मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट त्याच्याशी जोडलेलं असतं. आता बघा, बार कापताना तुमचा माणूस कुठून सुरुवात करतो? नंबर असलेल्या टोकाकडून करत असेल तर पहिल्याच कापात नंबर गेला. उरलेला पाच फुटी बार आता नुसतं लोखंड. तो रॅकवर दुसऱ्या बारशेजारी जाऊन पडला की ईएन-२४ जातीच्या पोलादाचा कुठला आणि ईएन-८ चा कुठला, हे देवच जाणे. औषध कंपनीच्या पार्टला आजवर हे खपलं असेल. इथे नाही खपणार. सहा वर्षांनी एखादी शाफ्ट लडाखमध्ये तुटली तर चौकशी उलट्या वाटेने येते. गाडी, असेंब्ली, पार्ट नंबर, तुमचं चलन, हीट ट्रीटमेंट करणाऱ्याचा चार्ट, प्लेटिंगवाल्याचा रिपोर्ट आणि शेवटी तो बार. ह्यातली एक कडी गायब असली की तुमचा माल नाकारला जातो, मग तो मापाला पाच मायक्रॉनच्या आत अचूक का असेना.

पुरवठादार बघायला जायचे तेव्हा मी मशीन शेवटी बघायची. आधी रॅक, मग रिजेक्शनची पेटी (कुलूप आहे की कामगार त्यातला पार्ट उचलून परत लॉटमध्ये टाकतो?), मग व्हर्निअर आणि मायक्रोमीटर ह्या मोजायच्या साधनांवरचे कॅलिब्रेशनचे (अचूकता तपासल्याचे) स्टिकर. कालबाह्य स्टिकर असलेलं झकपक दुकान मी नाकारलंय आणि पत्र्याच्या शेडमधल्या माणसाला काम दिलंय.

दुकानाबाहेरचाही माल इथे तपासला जातो. २०२५ च्या सुरुवातीला लष्कराने ४०० मालवाहू ड्रोनचे करार रद्द केले, कारण आत चिनी भाग सापडले. तेव्हा तुमच्या असेंब्लीत कुणाकडून तरी स्वस्तात आणलेलं बेअरिंग किंवा सेन्सर बसणार असेल, तर ते कुठून आलं हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. लोहार चाळीतल्या बिलाने भागणार नाही.

मशीनचं गणित आता करू. १ कोटी २० लाख, साडेदहा टक्के व्याज आणि सात वर्षं धरली तर हप्ता साधारण २ लाख २ हजार. महिन्याचे पंचवीस दिवस, एक पाळी, म्हणजे दोनशे तास. म्हणजे तासाला हजार रुपये नुसता हप्ता. वीज, टूल, कूलंट, प्रोग्रॅमर, ऑपरेटर अजून आलेच नाहीत. पहिले सहा महिने ते यंत्र नमुने, तपासणी आणि शिकण्यात निम्मं रिकामं राहणार. तुमचं आत्ताचं काम त्यावर घेऊन हा दर निघतो का? तुमच्या पत्रातल्या मार्जिनवरून मला तरी तो निघताना दिसत नाही. आणि ज्या भागांबद्दल मी वर लिहिलं, त्यांतले बहुतेक तुमच्या दोन लेथ, व्हीएमसी आणि वडिलांच्या मिलिंगवर होतील. एखाद्याला पाच अक्ष लागलेच, तर रबाळे-महापेच्या पट्ट्यात तासावर मशीन देणारे आहेत. वर्षभर भाड्याने काम करून बघा. तास भरतायत असं वहीत दिसलं की मग मशीन घ्या.

घेतलंत तरी घर तारण ठेवून नको. सूक्ष्म आणि लघुउद्योगांच्या पतहमी योजनेत एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंतच्या कर्जाला तारणाशिवाय हमी मिळू शकते. बँका ती आपणहून सांगत नाहीत, फ्लॅट समोर दिसत असताना कोण सांगेल? हमीची फी पडते, आणि हमी आहे म्हणून कर्ज माफ होत नाही, हे दोन्ही ध्यानात ठेवा. पैसे उशिरा येण्याबद्दलही थोडं. लघुउद्योगाचं बिल माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवायचं, असा कायदा आहे. सगळी मेख ‘स्वीकारल्यापासून’मध्ये आहे. व्यवहारात तपासणीची तारीख मिळेपर्यंत माल स्वीकारला असं बहुधा धरतच नाहीत. निदान चार महिन्यांचे पगार आणि मटेरियलचे पैसे गाठीशी असल्याशिवाय पहिली मोठी ऑर्डर घेऊ नका.

पत्नीच्या म्हणण्याकडे तुम्ही पत्रात ‘तिचा स्वभाव भित्रा’ म्हणून एका ओळीत बोळवण केली आहे. मला ते पटलं नाही. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर तिच्या सहीशिवाय तारण होणारच नाही, तेव्हा तिला मत आहे आणि ते निम्मं आहे. आणि तिचा दुसरा आक्षेप भित्रेपणाचा नाहीच. तो चक्क नीतीचा प्रश्न आहे, आणि त्यावर ‘देशासाठी’ एवढं म्हणून तो संपत नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर लहान पुरवठादाराला आपला पार्ट शेवटी कुठे बसणार हे बऱ्याचदा कळतही नाही. ड्रॉइंगवर फक्त नंबर असतो. तरी काही रेषा आखता येतात. दारूगोळ्याचं काम नको, पण गाड्या, पूल बांधायची सामग्री, जहाजावरचे पंप, रुग्णवाहिका चालतील, असं ठरवणारे लोक मला माहीत आहेत. उलट, सीमेवरच्या पोराच्या गाडीचा ब्रेक लागला पाहिजे, मग ती गाडी काहीही वाहून नेवो, असं मानणारेही आहेत. मी स्वतः दुसऱ्या बाजूची. पण तुमच्या घरात ही रेषा तुम्ही तिघांनी बसून आखा, ऑर्डर येण्याआधी. आल्यावर पैसाच आखतो.

मुलीबद्दल तुम्ही एक गोष्ट गृहीत धरलीय, ती मला सगळ्यात जास्त खटकली. मशीन नाही घेतलं तर ती धंद्यात येणार नाही, आणि ती आली नाही तर शेड विकावी लागेल. आजूबाजूच्या शेड पाडून काचेच्या इमारती उभ्या राहताहेत, बिल्डर फोन करतोय, हे सगळं त्या वाक्यामागे आहे हे मला कळतं. पण तिने खरंच मशीनच मागितलंय का? सत्तावीस वर्षांची इंजिनिअर वडिलांच्या दुकानात येताना घाबरते ती एका गोष्टीला. सगळे निर्णय बाबाच घेणार आणि आपण टॅलीत बिलं भरणार. नवं मशीन हा तिला स्वतःचं काहीतरी मिळवायचा मार्ग वाटत असेल. तिला दर्जाचं खातं पूर्णपणे देऊन बघा. हीट नंबरची नोंदवही, कॅलिब्रेशन, दर्जाचं आयएसओ ९००१ प्रमाणपत्र आणि पुढे विमानाच्या भागांकडे जायचं ठरलं तर एएस ९१००. आणि तिने एखादी लॉट थांबवली तर ती थांबली पाहिजे, गिऱ्हाईक तुमचा वीस वर्षांचा मित्र असला तरी. हे तुम्हाला जमेल का, ह्याचं उत्तर मला नको, तिला द्या. नोकरी तिने आत्ताच सोडायची गरज नाही. शनिवार-रविवार सुरुवात करू द्या.

तिच्या डोक्यात एखादी नवी वस्तू असेल, नुसता सुटा भाग नसेल, तर आयडेक्स आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ह्या योजनेच्या मूळ प्रकारात नवउद्योगांना आणि लघुउद्योगांना दीड कोटीपर्यंत अनुदान मिळतं, पण ते लष्कराने मांडलेल्या ठरावीक प्रश्नाचं उत्तर देणाऱ्याला, आणि बरोबरीचा खर्च तुम्हीही दाखवावा लागतो. मशीन घ्यायचे पैसे म्हणून तिकडे बघू नका.

तिच्याबरोबर एकदा ठाण्याच्या लघुउद्योग संघटनेत जा, टीएसएसआयए तुमच्या शेजारीच आहे, आणि पलीकडे रबाळ्याला ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन. तिथे आधीच पुरवठा करणारा कुणीतरी भेटेल. त्याला ऑर्डर किती मोठी हे विचारू नका. पहिली चौकशी आणि पहिलं बिल ह्यांत किती महिने गेले आणि तेवढे दिवस त्याने काय खाल्लं, ते विचारा.

ता. क. मध्ये तुम्ही विचारलंय की शेडच्या पाटीवर ‘संरक्षण क्षेत्राचे पुरवठादार’ असं आताच रंगवून घेतलं तर बँकेत वजन पडेल का. नाही पडणार, बँक ऑर्डर बघते. आणि ऑर्डर मिळाल्यावरही करारातलं गोपनीयतेचं कलम वाचल्याशिवाय रंगाऱ्याला बोलावू नका.